पुरणपोळीचे पान

मी, श्रीमती सुहासिनी शशिकांत कारखानीस, वय वर्षे ब्याऐंशी, व्यवसाय लघुलेखिका, आता निवृत्त, राहणार इल्फर्ड, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांकडून आणावा असा माझे वकील अनिश यांचा आग्रह होता. डॉक्टरांनी मला शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले. मी थेट दोनपर्यंत गेले आणि पुढे उणे पाच म्हणू का असे विचारले. त्यांनी दाखला दिला.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. असलेच तर ते हे लिहू नये यासाठी आहे. यापूर्वी २००९ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते दीड पानाचे होते आणि त्यात महत्त्वाचे काहीच नव्हते.

हे मृत्युपत्र मराठीत का, असे अनिशने मला तीनदा विचारले. मराठीतले मृत्युपत्र इथे चालते, फक्त प्रमाणित भाषांतर जोडावे लागते, हेही त्यानेच सांगितले. मग चालते तर चालू दे. मराठीत का, ते पाचव्या कलमात कळेल. तोवर वाचणाऱ्याने धीर धरावा. मी पस्तीस वर्षे धरला आहे.

कलम पहिले. माझी नात ईरा आणि वकील अनिश या दोघांना मी व्यवस्थापक नेमते. ईरा मँचेस्टरला इतिहास शिकते आणि मला उलटे प्रश्न विचारते, म्हणून ती. अनिशला कायदा कळतो, म्हणून तो. या दोघांपुढे मी आधीच सांगून ठेवते की या मृत्युपत्राचा खरा हेतू घर वाटणे हा नाही. मिस ओडेट मार्सेलिन या बाईंच्या नावाला लागलेला डाग पुसणे हा आहे. बाकीची कलमे कायद्याला लागतात म्हणून आहेत.

अनिशने यावर कपाळावर हात मारला. "काकू, विल म्हणजे स्टेटमेंट नाही हो! प्रोबेट झालं की हा पब्लिक रेकॉर्ड होतो. थोडी फी भरली की कोणीही कॉपी मागवू शकतं. म्हणून सांगतो, यात पर्सनल काही घालू नका."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला ते पुन्हा म्हणायला लावले. कोणीही मागवू शकते? कोणीही, तो म्हणाला. मी मेल्यावर? मेल्यावरच. मी म्हटले, मग सगळेच घालायचे आहे. पोराचे तोंड पाहण्यासारखे झाले.

कलम दुसरे. इल्फर्डचे राहते घर, त्यातल्या कन्झर्व्हेटरी नावाच्या गळक्या काचखोलीसह, माझा मुलगा मिलिंद याला द्यावे. अट काही नाही. अट घालण्याचा मोह झाला होता, कारण मिलिंदने तीन वर्षांपूर्वी ब्रॅकनेलहून येऊन एका शनिवारात माझी माळ्यावरची खोली रिकामी केली. मी शेजारच्या वरदाबरोबर दवाखान्यात गेले होते. आले तर हा कमरेवर हात ठेवून उभा.

"आई, बघ किती स्पेस झाली! त्या जुन्या वह्यांमध्ये नुसत्या रेघोट्या होत्या, मी रिसायकलिंगमध्ये टाकल्या."

रेघोट्या! आयुष्यभर ज्या रेघोट्यांवर याचे दूध, शाळेचे बूट आणि युनिव्हर्सिटी झाली, त्या रेघोट्या. सदतीस वह्यांपैकी अठ्ठावीस गेल्या. मी तेव्हा त्याला जे बोलले ते सूनबाई चैत्रालीने ऐकले आहे, त्यामुळे इथे परत लिहीत नाही. चौतीस नंबरची वही वाचली, कारण ती माळ्यावर नव्हतीच. ती स्वयंपाकघरात डाळींच्या डब्यांमागे होती. ती तिथे का होती, तेही पुढे येईल. घर मात्र मिलिंदलाच. पोर मनाने चांगले आहे, फक्त विचारत नाही.

कलम तिसरे. बाईंच्या अकरा हॅटी.

या हॅटींनी गेली एकवीस वर्षे माझ्या पलंगाखाली आणि कपाटावर जागा अडवली आहे. बाईंनी मला आपल्या मृत्युपत्रात दुसरे काही ठेवले नाही, अकरा हॅटी ठेवल्या. मी जन्मात हॅट घातलेली नाही. टाकवतही नाहीत. एकेका हॅटीला बाईंनी चिठ्ठी लावून ठेवली आहे, कुठे घातली होती त्याची, आणि त्या चिठ्ठ्या लावल्या की बाईंचे सगळे आयुष्य क्रमाने लागते. म्हणून ते इथे लिहिते.

ओडेट मार्सेलिन यांचा जन्म १९२६ साली सेंट क्लोव्हिसमध्ये झाला. हे कॅरिबियन समुद्रातले एक बेट आहे. वस्ती इल्फर्डहून कमी. आई बाजारात मासळी विकायची. पहिली हॅट तिची, गवताची, कडा खाल्लेली. मासळीच्या टोपलीखाली तीच घालत असे. बाई सतराव्या वर्षी शिक्षिका झाल्या. मग केळी भरणाऱ्या बायकांची संघटना बांधली, कारण पेटी पुरुषाने भरली तर एक मजुरी आणि बाईने भरली तर दुसरी. १९६१ साली निवडून आल्या. सभागृहात तेरा पुरुष आणि या एकट्या. या बोलायला उभ्या राहिल्या की बाकीचे चहाला उठत. बाई सांगायच्या, "मग मी चहावाल्याशी बोलायचे. त्याच्या तीन मुली होत्या. तो ऐकायचा." त्या दिवसांची हॅट निळी.

१९६७ साली शिक्षणमंत्री झाल्या. बेटाच्या उत्तर टोकाच्या मुलींना शाळेसाठी होडीने जावे लागे आणि दर पावसाळ्यात एखादी बुडे. बाईंनी उत्तरेच्या उपसागराकाठी मुलींची शाळा बांधली. तिला लोकांनीच मार्सेलिन शाळा हे नाव दिले. हॅट पांढरी, चुन्याचा डाग अजून आहे. पुढे पंतप्रधानांशी बिनसले. बाईंना काढून टाकावे तर लोक चिडणार, म्हणून त्यांना बढती दिली आणि १९७९ साली हाय कमिशनर करून लंडनला पाठवले. चार हजार मैल लांबची बढती.

अकरापैकी दहा हॅटी मार्सेलिन शाळेला द्याव्यात, चिठ्ठ्यांसकट. त्या शाळेचे आज हे नाव नाही. १९९२ साली पाटी उतरवली. त्या पाटीसाठीच हा खटाटोप आहे. अकरावी हॅट, काळी, पिवळ्या फितीची, ती ईराला.

कलम चौथे. आमच्या इथल्या मराठी मंडळाला मी भिंतीवर लावायचा जगाचा मोठा नकाशा ठेवते. १९८६ च्या गणेशोत्सवात मंडळाच्या तेव्हाच्या समितीने बाईंना माझ्यामार्फत प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावले, शाल दिली, नारळ दिला आणि माइकवरून "आफ्रिकेच्या राजदूत" अशी ओळख करून दिली. संपूर्ण आफ्रिकेच्या. बाई हसून उभ्या राहिल्या आणि चार मिनिटांत भाषण आटोपून नारळ कसा फोडायचा ते विचारायला लागल्या. पाच वर्षांनी बाईंची बदनामी झाली, तेव्हा याच समितीने मला बाजूला घेऊन सांगितले, "वहिनी, त्यांना आता आपल्या कार्यक्रमांना आणू नका हं, उगाच चर्चा होते." नकाशात मी सेंट क्लोव्हिसला लाल शाईने गोल केला आहे. अध्यक्षांच्या खुर्चीसमोर लावावा.

कलम पाचवे. माझा मराठी टाइपरायटर, ज्यावर हे लिहीत आहे, शिसपेन्सिलींचा डबा आणि उरलेल्या नऊ वह्या ईराला द्याव्यात.

या वह्या काय आहेत ते सांगते. मी साताऱ्याला इंग्रजी आणि मराठी, दोन्ही लघुलेखन शिकले. चार वर्षे मुंबईत सचिवालयात मंत्र्यांची भाषणे उतरवून घेतली. लग्न झाले, डॉ. शशिकांतच्या नोकरीपायी १९६९ साली मँचेस्टरला आले, मग इल्फर्डला. १९८० साली सेंट क्लोव्हिसच्या हाय कमिशनमध्ये सेक्रेटरी हवी अशी जाहिरात आली. मुलाखतीत बाईंनी एक परिच्छेद सांगितला, मी तो टाइप करून दिला.

"यातलं एक वाक्य मी असं बोलले नव्हते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बोललात तसं चूक होतं," मी म्हटले.

सोमवारपासून या, म्हणाल्या. अकरा वर्षे मी त्यांच्या उजव्या हाताला बसले. केळ्यांच्या आयातीसाठी त्या ब्रसेल्सला भांडल्या, इथे राबून निवृत्त झालेल्या आपल्या नर्सेसच्या पेन्शनसाठी इथल्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा माणूस आधी त्यांच्या हॅटीकडे बघायचा, मग माझ्या साडीकडे, आणि मग खरे हाय कमिशनर येईपर्यंत थांबू या म्हणायचा. मला संताप यायचा. बाई म्हणायच्या, "बघू द्या त्यांना. तेवढ्यात आपण त्यांचे कागद वाचून घेऊ."

इंग्रजी लघुलेखन त्या काळी प्रत्येक कचेरीत दहा जणींना वाचता येत असे. म्हणून नाजूक बैठकीला मी मराठी लघुलेखन वापरू लागले. कानाने इंग्रजी ऐकायचे, हाताने मराठी लिहायचे. अवघड वाटते, पण सवयीचा भाग आहे. त्यामुळे त्या बैठकांमधले बाईंचे बोलणे आज जगात फक्त मराठीत आहे. मूळ इंग्रजी शब्द कोणाकडेच नाहीत. हे मृत्युपत्र मराठीत आहे ते यासाठी, अनिश.

ईरासाठी सूचना. चौतीस नंबरची वही मुंबईला घेऊन जा आणि विधानमंडळातून निवृत्त झालेल्या एखाद्या मराठी लघुलेखकाला दाखव. हे मृत्युपत्र त्याला आधी वाचू देऊ नकोस. तो जे वाचेल ते कलम आठशी ताडून बघ. प्रवासाचा खर्च माझ्या बचतीतून. लवकर जा. ती माणसे माझ्याच वयाची आहेत.

कलम सहावे. आता ती बैठक. २१ फेब्रुवारी १९९०, बुधवार, लंडनच्या पश्चिम भागातले एक हॉटेल. हजर होते सेंट क्लोव्हिसचे पंतप्रधान, आमचे डेप्युटी हाय कमिशनर मि. प्रॉस्पर, एका परदेशी कंपनीचे दोन गृहस्थ, बाई आणि मी. कंपनीला उत्तरेचा उपसागर नव्याण्णव वर्षांच्या कराराने हवा होता, कचरा जाळून उरलेली राख टाकायला. शाळेच्या खिडकीतून दगड मारला तर लागेल इतक्या अंतरावर. कंपनीची अट अशी की कोणी काही लिहून घ्यायचे नाही. माझी वही बघून त्यांच्यातला एक थबकला.

बाई म्हणाल्या, "काळजी करू नका. मिसेस कारखानीस आपल्या आईच्या पाककृती लिहून काढतायत. त्यांच्या भाषेत."

ते दोघे हसले. मी लिहीत राहिले.

पुढच्या वर्षी बातमी फुटली. करारावर हाय कमिशनचा शिक्का निघाला. बेटावर दंगल उसळली, करार गुंडाळला गेला, राखेचे जहाज काही आले नाही. पंतप्रधान म्हणाले, मला यातले काही माहीत नाही, ओडेटने परस्पर केले. ज्या लोकांनी शाळेला बाईंचे नाव दिले होते, त्यांनीच बाईंच्या घरावर अंडी फेकली. चौकशी बसली. सप्टेंबरमध्ये चौकशीचे वकील लंडनला आले आणि माझ्या टेबलावरची चौतीस नंबरची वही उचलली.

"हे काय आहे?"

"माझ्या आईच्या पाककृती," मी म्हटले. "आमच्या भाषेत."

त्यांनी सहज मधलेच एक पान उघडले. एकेचाळीसावे. "ही कशाची?"

"पुरणपोळीची."

"वाचा पाहू."

आणि मी वाचली. समोर बाईंचे शब्द होते, एकेक ठळक, आणि मी तोंडाने म्हणत होते की हरभऱ्याची डाळ बोटचेपी शिजवावी, कट काढून घ्यावा, जितकी डाळ तितका गूळ. वेलदोडा सांगितला, जायफळ सांगितले. कणीक सैल मळून तेलात मुरत ठेवावी हेही सांगितले. वकील खूश झाले, त्यांच्या कारकुनाने सगळे उतरवून घेतले. चौकशी अहवालाच्या परिशिष्टात ते आजही आहे. सेक्रेटरीच्या वहीत केवळ पाककृती आढळल्या, सोबत नमुना जोडला आहे. बाईंना दोषी ठरवणाऱ्या अहवालाला माझी पुरणपोळी जोडली आहे.

वही मला परत मिळाली, ती मी घरी आणून डाळींच्या डब्यांमागे ठेवली, पाककृतींच्या वहीची जागा तीच. त्यानंतर माझ्या हातून पुरणपोळी झाली नाही. होळीला मी दुकानातले श्रीखंड आणते. मिलिंदला वाटते, आईला आता पोळी लाटवत नाही.

बाई परत गेल्या नाहीत. इथेच आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका दुकानावरच्या दोन खोल्यांत तेरा वर्षे राहिल्या आणि दर रविवारी ती पिवळ्या फितीची काळी हॅट घालून माझ्याकडे जेवायला आल्या. शशिकांत अर्धांगाने खुर्चीत होता, तोपर्यंत त्याला पेपर वाचून दाखवायच्या. मी दर रविवारी एकच विषय काढायची. बाई, पुरे झाले, मी ती वही नेऊन देते. आणि बाई दर रविवारी म्हणायच्या, "मिसेस कारखानीस, भात वाढा." या बाईंपुढे मी हात टेकले होते. दगडालाही एव्हाना पाझर फुटला असता. २००४ साली गेल्या. अंत्यविधीला आम्ही नऊ जण होतो. मि. प्रॉस्पर तोपर्यंत मंत्री होऊन निवृत्त झाले होते. तिथल्या विमानतळाच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

गेल्या दिवाळीत ईराने कॉम्प्युटरवर बाईंचे नाव शोधले. एक ओळ निघाली, उपसागर विकल्याच्या प्रकरणात पायउतार. बस्स. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, ही खरं आहे का? तू तिकडे होता ना? मग तू काय केला?"

पोरीचे मराठी धड नाही, पण प्रश्न धड होता.

कलम सातवे. मी काय केले ते.

पंतप्रधान खोटे बोलले, प्रॉस्पर खोटे बोलले, हे सगळे झाले. पण शिक्का बाईंच्या टेबलाच्या खणात असे आणि खणाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये. बाई परगावी गेल्या की ती माझ्याकडे. शुक्रवार, २ मार्च १९९०. बाई ब्रसेल्सला. साडेचार वाजता मि. प्रॉस्पर माझ्या टेबलापाशी आले. एका नर्सची आई बेटावर वारली आहे, तिला तातडीने प्रवासाचा कागद हवा आहे, शिक्का मारायचा आहे. मला पाच दहाची गाडी गाठायची होती. शशिकांतचे पाहुणे येणार होते, बटाटे उकडायचे होते. मी किल्ली दिली. तिथे थांबले नाही. नऊ दिवसांपूर्वीच्या बैठकीत मीच काय लिहून घेतले होते, ते त्या घाईत मला आठवले नाही. सोमवारी किल्ली माझ्या टेबलावर होती, शेजारी बिस्किटांचा पुडा. मी बिस्किटे खाल्ली.

किल्ली मी दिली. हे वाक्य मी आजवर कोणाला म्हटलेले नाही. बाईंना सांगावे लागले नाही, त्यांना कळले होते.

चौकशीच्या आदल्या आठवड्यात बाई माझ्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. वही उघडली तर किल्लीही उघडी पडणार. मी काही राजनैतिक अधिकारी नव्हते, मला कसलेच संरक्षण नव्हते. लिहू नये तिथे लिहिले, देऊ नये ती किल्ली दिली, खटला माझ्यावर भरला असता. शशिकांतला अर्धांग होऊन दहा महिने झाले होते. माझ्या पगाराशिवाय घरात दुसरे काही येत नव्हते. हे सगळे बाईंनी मला बोटांवर मोजून दाखवले. मी ऐकेना. मी म्हटले, मला खोटे बोलता येणार नाही.

मिलिंद तेव्हा सोळा वर्षांचा, टेबलाशी बसून कॉर्नफ्लेक्स खात होता, कानात गाणी. माझ्या सासूबाई एकदा इथे आल्या असताना बाईंनी त्यांच्याकडून आपल्या चालीरीती विचारून घेतल्या होत्या. नको त्या वेळी बाईंना नको ते आठवायचे. त्यांनी माझा हात धरला आणि मिलिंदच्या डोक्यावर ठेवला.

"आता शपथ घ्या. तुम्ही जिवंत असेपर्यंत एक शब्द नाही. ना माझ्यासाठी, ना माझ्या मागे."

माझा देवावर विश्वास बेताचाच आहे. शपथा-बिपथा मी मानत नाही. पण तो हात एकदा पोराच्या डोक्यावर ठेवला आणि पुढची चौतीस वर्षे मला काही तो उचलता आला नाही. मिलिंदला ताप आला की मी मनात तपासून घ्यायची, कोणापुढे काही बोलले का. तो गाडी शिकला तेव्हाही. आता त्या डोक्यावर केस राहिलेले नाहीत, शपथ आहे.

आणि खरे सांगायचे तर शपथ मला सोयीचीही होती. हे मी बाईंवर ढकलणार नाही. खोटे बोलणे सोपे गेले मला. जायफळसुद्धा विसरले नाही.

शपथ जिवंत असेपर्यंतची होती. बाई कायदा शिकलेल्या नव्हत्या, आणि मृत्युपत्र हा कागद माणूस गेल्यावर बोलायला लागतो हे त्यांच्या ध्यानात आले नसावे. की आले होते? हा विचार मला हल्ली हल्ली छळतो. त्या बाईंचा काही भरवसा नाही.

कलम आठवे. वही क्रमांक चौतीस, पान एकेचाळीस. जसे लिहिले आहे तसे उतरवत आहे. एक मात्राही बदललेली नाही.

पंतप्रधान: सही करा, ओडेट. येणाऱ्या पैशात तुम्हाला दहा शाळा बांधून देतो.

बाई: आणि त्या दहा शाळांतल्या मुलींनी श्वास कुठला घ्यायचा?

पंतप्रधान: राख निरुपद्रवी आहे असे या गृहस्थांचे म्हणणे आहे.

बाई: मग त्यांनी ती आपल्या मुलींच्या शाळेशेजारी टाकावी. मी जागा बघायला येते.

पंतप्रधान: हा माझा आदेश समजा.

बाई: आदेश लेखी द्या, नकार लेखी देते. तोवर तोंडी घ्या. माझी आई त्या उपसागराच्या मासळीवर जगली. मी या कागदावर सही करणार नाही. आज नाही, परत बोलावलेत तरी नाही, मेले तरी नाही.

प्रॉस्पर: साहेब, यांच्या सहीवाचून अडत नाही. शिक्का असला तरी पुरे.

पंतप्रधान: मग शिक्का मिळवा.

बाई: शिक्का माझ्या खणात आहे आणि किल्ली विश्वासाच्या माणसाकडे. मिसेस कारखानीस, तुमची पाककृती लिहून झाली?

मी: झाली.

पान संपले.

या पानाचे प्रमाणित भाषांतर सेंट क्लोव्हिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, तिथल्या वर्तमानपत्राला आणि उत्तरेच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना पाठवावे. सोबत सातवे कलमही पाठवावे. माझे नाव गाळू नये. पाटी परत लागली की तिचा फोटो बाईंच्या थडग्यावर नेऊन दाखवावा. उगाच फुले नेऊ नयेत, फुलांनी त्यांना शिंका यायच्या.

कलम नववे आणि शेवटचे. अंत्यविधी विद्युतदाहिनीत, अर्ध्या तासात उरकावा. कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकू नयेत. साक्षीदार वरदा आणि तिचा नवरा अंशुमन या माझ्या शेजाऱ्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, कारण साक्षीदाराला काही ठेवले तर ते कायद्याने रद्द होते. म्हणून वरदाला द्यायचा मोठा कुकर मी कालच तिच्या हातात दिला.

साक्षीदारांनी सह्या करून जेवूनच जावे. आज होळी आहे. पुरण वाटून ठेवले आहे, कणीक मुरते आहे, आणि कट किती काढायचा ते माझ्या अजून लक्षात आहे.

मिलिंद, हे तू वाचत असशील तेव्हा मी नसेन आणि तुला काही झालेले नसेल. तुझ्या डोक्यावरचा हात मी आता काढून घेते.

स्थळ: इल्फर्ड
तारीख: १३ मार्च २०२५, होळी पौर्णिमा

सही: सुहासिनी शशिकांत कारखानीस

श्रीमती कारखानीस यांनी आम्हा दोघांच्या देखत, एकाच वेळी, आपल्या हाताने वरील सही केली आणि आम्ही त्यांच्या देखत खाली सह्या केल्या.

साक्षीदार पहिली: वरदा अंशुमन बेलसरे, नर्स, शेजारील घर
साक्षीदार दुसरा: अंशुमन बेलसरे, सॉफ्टवेअर इंजिनियर, पत्ता वरीलप्रमाणे